टेनिसची रॅकेट जड घ्यावी की हलकी? ताकद, टॉपस्पिन आणि छापील वजनाचा घोळ

प्रश्न थोडक्यात असा आहे: वय ४२. क्लबात आठवड्यातून तीन-चार सकाळी खेळ, तोही बहुतेक डबल्स. हातात २६५ ग्रॅमची, १०५ चौरस इंच हेडची (तारांची जाळी असते तो भाग) रॅकेट. गटिंग, म्हणजे रॅकेटमधल्या तारा, दुकानातून आली तीच, दीड वर्ष झालं. जोरात मारलं की चेंडू बेसलाइनच्या बाहेर, जपून मारलं की समोरचा नेटवर उभा राहून ठोकून काढतो. टॉपस्पिन (चेंडू पुढच्या बाजूला गरगरत जाऊन लवकर खाली वळतो तो) येत नाही. दुकानदार म्हणतो, आणखी हलकी घ्या, हात भरभर फिरेल आणि स्पिन येईल. पार्टनर म्हणतो, ३१५ ग्रॅमची घे, पॉवर जड रॅकेटलाच असते. शिवाय अधूनमधून कोपर दुखतं. ऐकायचं कोणाचं?

दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. गडबड अशी की दोघंही फ्रेमवर छापलेल्या एकाच आकड्याकडे बघून बोलताहेत, आणि त्या आकड्यावरून रॅकेट कशी मारेल हे फारसं कळत नाही. त्याआधी एक गोष्ट वेगळी काढू. तुमची अडचण ताकद कमी पडण्याची नाही. चेंडू बाहेर जातोय, म्हणजे कोर्टाच्या २३.७७ मीटर लांबीला पुरून उरेल एवढा वेग तुम्हाला आत्ताच मिळतोय, किंवा चेंडू तारांवरून फार उभा निघतोय. तुम्हाला हवंय ते असं: मनमोकळा हात फिरवावा आणि चेंडू तरीही आत पडावा. म्हणजे प्रश्न मुख्यतः स्पिनचा, आणि स्पिनमध्ये फ्रेमच्या वजनाचा वाटा लोक समजतात त्यापेक्षा बराच कमी असतो.

काही गोष्टी तुमचा खेळ प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाहीत. फोरहँडला रॅकेट चेंडूच्या खाली जाऊन वर येते की सरळ पुढेच जाते, खांदा किती फिरतो, कोपराचं दुखणं कितपत आहे, यावर उत्तर बदलतं. रॅकेटचा मार्ग सपाट असेल तर जगातली कुठलीही फ्रेम स्पिन देणार नाही. इथून पुढे मी असं धरून चालतो की हात थोडाफार खालून वर येतो, पण त्याचं फळ मिळत नाही.

आधी वजन. फ्रेमवर २६५ छापलंय ते बिनगटिंगचं वजन. गटिंगचे १५ ते १७ ग्रॅम, ओव्हरग्रिपचे (मुठीवर गुंडाळायची पट्टी) पाचेक ग्रॅम, डॅम्पनरचे (तारांची थरथर कमी करणारा रबरी तुकडा) दोन-तीन, असं करत तुमच्या हातात प्रत्यक्षात २८५ ते २९० ग्रॅम असतात. त्यातही कारखान्यातून निघताना एकाच मॉडेलच्या दोन रॅकेटमध्ये पाच-सात ग्रॅमचा फरक सहज असतो. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रॅकेट आडवी ठेवून वजन करा आणि मागच्या आकड्याऐवजी हा आकडा लक्षात ठेवा. मग बॅलन्स बघा: पट्टीच्या कडेवर रॅकेट तोलून धरा आणि जिथे तोल साधतो तिथपासून ग्रिपच्या टोकापर्यंत मोजा. रॅकेटची लांबी ६८५ मि.मी., मध्य ३४२ मि.मी.च्या आसपास. तोल त्याच्या अलीकडे, म्हणजे ग्रिपच्या बाजूला आला तर हेड लाइट. पलीकडे गेला तर हेड हेवी. ३०० ग्रॅमच्या बहुतेक फ्रेमना ३२० मि.मी. छापलेलं असतं, गटिंग झाल्यावर ते ३३० होतं. हलक्या, मोठ्या हेडच्या रॅकेट मात्र बहुतेकदा ३४० ते ३५० ला तोलतात. कंपन्या हे मुद्दाम करतात. एकूण वजन कमी केल्यावर डोक्याकडे थोडं तरी ठेवलं नाही, तर चेंडू लागताच रॅकेट मागे ढकलली जाते.

आता रॅकेट उलटी धरून बघा. हेडच्या टोकाला पकडा आणि ग्रिपचं टोक हवेत फिरवा. वजन तेच, पण किती हलकी वाटते! हा जो फरक जाणवतो त्याचं माप म्हणजे स्विंगवेट. ग्रिपच्या टोकापासून १० सें.मी. वर एक अक्ष धरतात आणि त्याभोवती रॅकेट फिरवायला किती जड आहे ते मोजतात. एकक किलो-वर्ग सेंटिमीटर, पण सगळे नुसता आकडा बोलतात. गटिंगसकट २८० म्हणजे फार हलकी, ३१० ते ३२० मध्यम, ३३० च्या वर तगड्या खांद्याची. अंतराचा वर्ग होत असल्यामुळे एक ग्रॅम कुठे बसलाय त्याला फार महत्त्व येतं. हेडच्या शेंड्याला, घड्याळातल्या १२ च्या जागी, एक ग्रॅम चिकटवला तर स्विंगवेट साधारण ३.३ ने वाढतं. ३ आणि ९ च्या जागी मिळून एक ग्रॅम लावला तर १.८ च्या आसपास. ग्रिपच्या वरच्या टोकाला लावला तर वाढ जवळपास शून्य. म्हणून २६५ ग्रॅमची हेड हेवी रॅकेट आणि ३०० ग्रॅमची हेड लाइट रॅकेट फिरवायला जवळजवळ सारख्याही असू शकतात. तुमच्या दुकानदाराचं आणि पार्टनरचं म्हणणं इथेच गडगडतं.

घरी मोजायचं असेल तर जमतं. एक पातळ, ताठ सळई (स्क्रू-ड्रायव्हरही चालेल) दोन स्टुलांच्या मध्ये आडवी घट्ट बसवा. सळई तारांच्या जाळीतून आरपार घालून सगळ्यांत वरच्या आडव्या तारेखाली, अगदी मधोमध आणा. आता रॅकेट त्या तारेवर टांगली जाईल, ग्रिप खाली. बोटभर बाजूला नेऊन सोडा आणि २० झोक्यांना (जाऊन-येऊन एक झोका) किती सेकंद लागतात ते फोनवर मोजा. झोका लहानच हवा, आणि रॅकेट जाळीच्या पातळीतच हलायला हवी, पुढे-मागे नाही. समजा रॅकेट ३१८ ग्रॅम, तोल ३३ सें.मी. वर, सळई ग्रिपच्या टोकापासून ६५ सें.मी. वर आणि २० झोके २७.७ सेकंदांत, म्हणजे एक झोका १.३८५ सेकंदांचा. सळई आणि तोल यांच्यातलं अंतर ३२. मग २४.८५ × ०.३१८ × ३२ × १.३८५ × १.३८५ बरोबर ४८५. त्यातून ०.३१८ × ३२ × ३२, म्हणजे ३२६ वजा, उरले १५९. जाळीच्या पातळीत झोका घेतल्यामुळे रॅकेटच्या पिळाचा हिस्सा यात मिसळलेला असतो, त्याचे १४ वजा, उरले १४५. शेवटी तोलापासून १० सें.मी. च्या अक्षापर्यंतचं अंतर २३, म्हणून ०.३१८ × २३ × २३, म्हणजे १६८ मिळवा. स्विंगवेट ३१३. तीन-चारने मागेपुढे चूक धरा. दोन रॅकेटची तुलना करायला एवढं पुष्कळ झालं.

ताकदीचा हिशेब असा. तारांवरून सुटणाऱ्या चेंडूचा वेग दोन गोष्टींची बेरीज असतो: येणाऱ्या चेंडूच्या वेगाचा काही भाग परत मिळतो, आणि रॅकेटचा वेग त्यात भर घालतो. परत मिळणाऱ्या भागाला क म्हणू. मग सुटणारा वेग म्हणजे क गुणिले चेंडूचा वेग, अधिक (१ + क) गुणिले त्या जागी रॅकेटचा वेग. हेडच्या मध्यावर क साधारण ०.३५ ते ०.४० असतो, शेंड्याकडे सरकलात की ०.२ पर्यंत घसरतो. तुमच्यासारख्या हलक्या रॅकेटचा ०.३६ आणि जड रॅकेटचा ०.४० धरून बघा. चेंडू ताशी ५० कि.मी. वेगाने येतोय, तुम्ही रॅकेट ७० ने फिरवताय. हलकीवरून तो ११३ ने सुटेल, जडवरून ११८ ने. पण जड रॅकेट फिरवताना तुमचा वेग ७० वरून ६७ वर आला, तर आकडा परत ११४ वर येतो. म्हणजे मागून पूर्ण हात फिरवून मारलेल्या फटक्यात जड आणि हलक्या रॅकेटचं गणित जवळजवळ फिटतं.

व्हॉलीला, म्हणजे टप्पा पडायच्या आत मारलेल्या फटक्याला, ते फिटत नाही. तिथे रॅकेट फारशी फिरत नाही, फार तर १५ च्या वेगाने पुढे जाते, आणि समोरून ६० ने चेंडू येतो. हलकीवरून ४२ मिळतात, जडवरून ४५, आणि इथे हात मंदावण्याचा प्रश्नही नाही. शिवाय चेंडू मध्यावर न लागता थोडा बाजूला लागला तर हलकी रॅकेट मुठीत वळते, आणि चेंडू नेटमध्ये जातो. जोराच्या सर्व्हिसला नुसतं ब्लॉक करून परत करायचं असेल तिथेही हेच. डबल्स खेळणाऱ्याला वजनाचा खरा फायदा इथे मिळतो, फोरहँडला नाही. तुमच्या पार्टनरला जड रॅकेट आवडते त्याचं कारण बहुतेक हेच असावं, जरी तो पॉवरचं नाव घेत असला तरी.

सर्व्हिसमध्ये चेंडूचा स्वतःचा वेग जवळपास नसतो, म्हणून सगळा खेळ रॅकेटच्या वेगाचा आणि चेंडू हेडमध्ये कुठे लागतो याचा. बहुतेक जण सर्व्हिस मध्याच्या वर घेतात, आणि वर गेलं की क झपाट्याने पडतो. तिथे शेंड्याला लावलेले दोन ग्रॅम मध्यापेक्षा जास्त उपयोगी पडतात. पण तिसऱ्या सेटमध्ये तेच दोन ग्रॅम खांद्याला जाणवतात.

फ्रेमच्या रचनेत ताकदीशी सगळ्यांत जास्त संबंध येतो तो ताठपणाचा. चेंडू तारांवर सुमारे पाच हजारांश सेकंद असतो. तेवढ्यात फ्रेम मागे वाकते, पण परत पुढे येऊन ती ऊर्जा चेंडूला द्यायच्या आत चेंडू निघून गेलेला असतो. वाकण्यात गेलेली ऊर्जा मग फ्रेमच्या थरथरण्यात संपते, आणि ती थरथर तुमच्या कोपरापर्यंत पोचते. फ्रेम जितकी कमी वाकेल तितकी चेंडूकडे जास्त ऊर्जा राहते, विशेषतः चेंडू मध्यापासून लांब लागला तर. बीम, म्हणजे फ्रेमची बाजूने दिसणारी जाडी, वाढवला की फ्रेम ताठ होते: बाबोलाटच्या प्युअर ड्राइव्हचा बीम २३ ते २६ मि.मी., तर रॉजर फेडररच्या नावाच्या ३४० ग्रॅमच्या विल्सन प्रो स्टाफचा २१.५ मि.मी. कॅटलॉगमध्ये ताठपणाला आरए असा आकडा देतात. ६२ च्या खाली मऊ, ६८ च्या वर ताठ. कोपर दुखत असताना ६८ च्या वरची फ्रेम, पॉवर कितीही असो, घेऊ नका.

हेडचा आकार. मोठ्या हेडमध्ये तारा लांब असतात, जास्त दबतात आणि चेंडू कमी चेपला जातो. ऊर्जा चेंडू चेपण्यातच जास्त वाया जाते: नियमाप्रमाणे २५४ सें.मी. वरून सोडलेला चेंडू १३५ ते १४७ सें.मी. च वर येतो. तारा मात्र घेतलेलं जवळजवळ सगळं परत करतात. म्हणून १०५ च्या हेडला थोडी जास्त ताकद, आणि रुंदीमुळे बाजूला लागलेल्या चेंडूला जास्त माफी. पण १०५ मध्ये चेंडू तारांवरून जास्त वर निघतो. तुमचा चेंडू बाहेर जाण्यात याचा हिस्सा मोठा असू शकतो. लोक याला रॅकेटमध्ये पॉवर जास्त आहे असं म्हणतात, पण बऱ्याचदा तो वेग नसतोच, नुसता कोन असतो. ओळखायला सोपं आहे: चेंडू नेटवरून किती उंच जातो ते पार्टनरला बाजूला उभं करून बघायला सांगा. नेट मध्यावर ९१.४ सें.मी. चं असतं. चेंडू त्याच्या दोन हात वरून जाऊन बाहेर पडत असेल तर कोनाची अडचण, नेटला घासून जाऊन बाहेर पडत असेल तर खरोखर वेगाची.

लांबीचं एका वाक्यात सांगतो: नियमाने रॅकेट २९ इंचांपर्यंत चालते, पण २७ ची २७.५ केली की स्विंगवेट लगेच वाढतं, त्यामुळे हलकी म्हणून घेतलेली लांब रॅकेट फिरवायला हलकी नसते.

आता स्पिन. समोरून टप्पा पडून आलेला चेंडू आधीच फिरत असतो, आणि तुम्हाला टॉपस्पिन मारायचा तर ते फिरणं थांबवून उलट्या दिशेने सुरू करावं लागतं. (स्लाइस, म्हणजे चेंडू खालून कापत मारलेला फटका, सोपा वाटतो तो याचमुळे: तिथे फिरण्याची दिशा बदलावी लागत नाही.) त्यासाठी तीन गोष्टी लागतात. पहिली, चेंडू लागताना रॅकेटचं हेड किती वेगाने वर जातंय. दुसरी, वर जाताना चेंडू फ्रेमला न लागता तारांवर बसायला जागा आहे का. तिसरी, तारा हलतात का.

पहिल्या गोष्टीत स्विंगवेट येतं. ३३५ स्विंगवेटची रॅकेट खालून वर झटकायला ३१० पेक्षा जड, हे उघड आहे. दुकानदाराचं म्हणणं एवढ्यापुरतं खरं. पण तुमचं स्विंगवेट आत्ताच २९५ च्या आसपास असावं. त्याहून खाली गेलात तर हात आणखी भरभर फिरेल असं नाही. एका मर्यादेनंतर हाताचं आणि खांद्याचं स्वतःचं वजनच वेग ठरवतं. उलट फार हलकी रॅकेट जोराचा चेंडू येताच डगमगते, आणि मग माणूस आपोआप हात आवरतो. स्पिन तिथेच मरतो.

दुसरी गोष्ट हेडच्या रुंदीची. लाकडी रॅकेटचं हेड ६५ ते ७० चौरस इंच, वजन ३७० ग्रॅमच्या वर. रॅकेट तिरकी करून वर ओढायची तर चेंडू फ्रेमलाच लागायचा. १९७६ मध्ये हॉवर्ड हेड या डिझायनरने प्रिन्स कंपनीची ११० चौरस इंचाची रॅकेट आणली, आणि पुढच्या पिढ्यांना तसं मारायला जागा मिळाली. आज १०० चौरस इंच सगळ्यांना पुरतं. फेडररसुद्धा २०१४ मध्ये ९० वरून ९७ वर आला. १०० च्या पुढे गेल्याने स्पिन वाढतो असं मात्र नाही. ती जागा तुमच्याकडे आत्ताच आहे.

तिसरी गोष्ट, म्हणजे तारा, हीच सगळ्यांत मोठी, आणि तिच्याकडेच सगळे दुर्लक्ष करतात. चेंडू वर ओढला जाताना उभ्या तारा बाजूला सरकतात आणि चेंडू सुटायच्या आत आपल्या जागी उसळून परत येतात. परत येताना चेंडूला फिरवतात. हे व्हायचं तर उभ्या आणि आडव्या तारांमध्ये घर्षण कमी हवं. पॉलिएस्टरची तार गुळगुळीत आणि कडक असते, ती सरकते आणि परत येते. १९९७ मध्ये गुस्तावो क्युएर्टेनने असल्या तारांवर फ्रेंच ओपन जिंकलं आणि त्यानंतर मोठ्या खेळाडूंमध्ये पॉली पसरत गेली. नायलॉनच्या तारा काही आठवड्यांतच एकमेकींना खाचा पाडतात. मग बाजूला सरकलेली तार तिथेच अडकून राहते. तुम्ही पॉइंट संपल्यावर बोटांनी तारा सरळ करत असाल, तर स्पिन कुठे जातोय ते कळलं. दीड वर्षाची दुकानातली गटिंग म्हणजे हीच अवस्था. शिवाय ती तार बहुधा स्वस्त नायलॉनची असते आणि तिचा ताण केव्हाच उतरलेला असतो.

जाळीचा प्रकार इथेच येतो. १६ उभ्या आणि १९ आडव्या तारांच्या जाळीत मोकळी जागा जास्त, तारा जास्त सरकतात, चेंडू जास्त वर निघतो. १८ बाय २० मध्ये उलट. विल्सनची ब्लेड ९८ दोन्ही जाळ्यांमध्ये मिळते, आणि दोन्हींचं बिनगटिंगचं वजन ३०५ ग्रॅम. तोच हात, तीच तार घेऊन दोन्ही मारून बघितल्या की चेंडूच्या उंचीतला फरक दहा मिनिटांत कळतो. सपाट मारणाऱ्याला १८ बाय २० आवडते. तुम्हाला नको.

मग तुम्हाला पॉली सांगू का? पूर्ण पॉली नाही. कोपर दुखणाऱ्या माणसाच्या हलक्या रॅकेटमध्ये कडक पॉली घालणं हे मला माहीत असलेलं सगळ्यांत वाईट जुळण आहे. चेंडू तोच ५६ ते ५९ ग्रॅमचा, रॅकेटला तो सोसवत नाही, तारही सोसत नाही, उरलेला धक्का कोपर घेतं. पॉलीचा ताणही लवकर उतरतो. नेमाने मारणाऱ्याच्या रॅकेटमध्ये १५ ते २० तासांनी ती मेलेली असते, तुटलेली नसली तरी, आणि तुटली नाही म्हणून लोक ती सहा महिने वापरतात. आधी मल्टिफिलामेंटची (अनेक बारीक धाग्यांची) १.२५ मि.मी. ची तार घाला, ५२ पाउंडांच्या ताणावर. कोपर पूर्ण शांत झाल्यावर स्पिन अजून हवा असेल तर पुढच्या वेळी उभ्या तारा मऊ जातीच्या पॉलीच्या १.२५ मध्ये ४८ पाउंडांवर, आणि आडव्या मल्टिफिलामेंटच्या ५० वर. उभ्याच पॉली का? सरकतात त्या उभ्या, म्हणून. कोपराने परत कुरकुर केली तर पहिल्या गटिंगवर या.

ताणाबद्दल एवढंच लक्षात ठेवा: ताण दोन-चार पाउंड कमी केल्याने चेंडूचा वेग नावालाच वाढतो, पण तो जास्त वर आणि जास्त खोल जातो. म्हणून चेंडू बाहेर जायला लागला की एकदम पाच पाउंड वाढवू नका, दोनने चढा. आणि ५२ हा आकडा त्या त्या यंत्राचा असतो. हँडल फिरवून जागेवर लॉक होणाऱ्या यंत्रावर ओढलेले ५२ आणि इलेक्ट्रॉनिक यंत्रावरचे ५२ हातात वेगळे लागतात. पहिले सैल निघतात. एकाच गटिंगवाल्याकडे जात राहिलात तर त्याचे ५२ तुम्हाला कळत जातील. पुण्यात खेळत असाल तर मुंबईपेक्षा चेंडू थोडा लांब जातो. ५६० मीटर उंचीवर हवा सुमारे पाच टक्के विरळ असते, तेव्हा मुंबईकर पाहुण्याचा ताण जसाच्या तसा उचलू नका. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवलेल्या रॅकेटचा ताण एका दुपारीत उतरतो. आणि पावसाळ्यात ओलसर कोर्टावर चेंडू पाणी पितो, जड होतो, तेव्हा रॅकेट हलकी असल्याची जाणीव एकदम होते. ते बघून रॅकेट बदलायचा निर्णय घेऊ नका.

गटिंग बदलून दोन-तीन आठवडे खेळा. व्हॉलीला रॅकेट मुठीत वळते आहे असं अजूनही वाटलं, तर लेड टेप (वजन वाढवायची शिशाची चिकटपट्टी) आणा, पाव इंच रुंदीची. या टेपचे १० सें.मी. म्हणजे जवळजवळ एक ग्रॅम. १०-१० सें.मी. चे दोन तुकडे कापा. हेडच्या आतल्या कडेला, तारांच्या पुढच्या बाजूने, एक ३ च्या जागी आणि एक ९ च्या जागी, मध्य नीट जुळवून लावा. फ्रेम आधी स्पिरिटने पुसा, नाहीतर घामाने टेप सुटते. वरून पारदर्शक टेप लावा, आणि शिसं असल्यामुळे नंतर साबणाने हात धुवा. (हल्ली टंगस्टनची टेपही मिळते, महाग आहे, पण घरात लहान मुलं असतील तर तीच घ्या.) दोन ग्रॅमने स्विंगवेट साधारण चारने वाढेल, आणि बाजूला लागलेल्या चेंडूवर रॅकेट कमी वळेल. आठवडाभर खेळून मगच आणखी दोन. लोक चुकतात ते इथे: पहिल्याच दिवशी १२ च्या जागी पाच ग्रॅम लावतात, म्हणजे स्विंगवेट एकदम १६-१७ ने वर, आणि चार दिवसांनी खांदा धरून बसतात. दुसरी चूक ग्रिपची. रॅकेट हेड हेवी वाटते म्हणून ग्रिपच्या टोकात दहा ग्रॅम भरतात. तोल नऊ-दहा मि.मी. ने मागे येतो, उचलायला बरी वाटते, पण स्विंगवेट तेवढंच राहतं. फिरवताना काहीच हलकं झालेलं नसतं. ग्रिपमध्ये वजन भरण्याला माझी हरकत नाही, फक्त त्याने हात भरभर फिरेल ही अपेक्षा ठेवू नका.

एवढं करूनही नवी फ्रेम घ्यायचीच असेल तर तुमच्यासाठी माझी चौकट अशी: हेड १००, जाळी १६ बाय १९, बिनगटिंगचं वजन २८० ते ३००, गटिंग झाल्यावर स्विंगवेट ३०५ ते ३१५, ताठपणा ६५ च्या खाली. विल्सन क्लॅश १०० ही २९५ ग्रॅमची आणि बरीच लवचीक. तिची हलकी आवृत्ती २८० ची. कोपर लक्षात घेता मी आधी या दोन बघेन. योनेक्स इझोन १०० तीनशेची आहे, तिची एल आवृत्ती २८५ ची. पण त्या एल मध्ये तोल डोक्याकडे सरकवलेला असतो, त्यामुळे फिरवायला ती वाटते तेवढी हलकी नाही. बाबोलाट प्युअर ड्राइव्ह क्लबांत पुष्कळांच्या हातात दिसते, तीनशे ग्रॅमची, ताकद भरपूर, पण ताठ. तुमचं कोपर सध्या तिच्यासाठी नाही. आणि ३१५ ग्रॅमच्या ज्या फ्रेमबद्दल पार्टनर बोलतोय ती तुम्ही पहिला सेट उत्तम खेळाल. चेंडू बाहेर जायला लागतील ते दुसऱ्या सेटमध्ये, हात उशिरा पोचायला लागल्यावर.

म्हणून डेमो (वापरून बघायला दिलेली रॅकेट) मागताना सकाळी ताज्या दमाने दहा मिनिटं मारून परत देऊ नका. कुठली तार, किती पाउंड, किती दिवसांपूर्वी, हे आधी विचारा; डेमो रॅकेटमधली गटिंग बहुतेक वेळा मेलेली असते, आणि मेलेल्या तारांवर चांगली फ्रेमही वाईट वाटते. मग एक सेट तुमच्या जुन्या रॅकेटने खेळा, आणि दुसरा सेट डेमोने. प्रत्येक सेटच्या शेवटी तुम्ही नेटवर उभे राहा, पार्टनरला बेसलाइनवरून जोराचे २० चेंडू व्हॉलीला द्यायला सांगा आणि किती आत पडले ते मोजा. मग तसेच २० क्रॉसकोर्ट फोरहँड. दोन्ही आकडे जुन्या रॅकेटच्या आकड्यांशेजारी लिहून ठेवा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कोपर कसं आहे तेही.